थोरल्याचा रविवार

पाद्री विबेकेबाई वाचता वाचता पुष्ट वासरापर्यंत आल्या आणि हेनिंग उठला. पहिल्याच बाकावरून उठला आणि मधल्या वाटेने सरळ दाराकडे चालू लागला. विबेकेबाई थांबल्या नाहीत, फक्त त्यांचा आवाज किंचित खाली आला. मागचं ओकचं दार उघडलं, जूनमधलं पांढरं ऊन आत डोकावून गेलं आणि दार धाडकन मिटलं. माना वळल्या. चर्चच्या कारभारी मंडळावर इतकी वर्षं बसलेला माणूस शुभवर्तमान चालू असताना उठून गेला होता, आणि त्याचा म्हातारा बाप लाउरिट्स बाकावर तसाच बसून होता.

घराच्या वळणावर शेजारची रिकामी सीट दिसली तेव्हा हेनिंगने करकचून ब्रेक दाबला. बापाला अंगणातसुद्धा एकटं न सोडणारा तो, आज त्याला विसरून आला होता. परत जायचं म्हणजे पुन्हा त्याच दारातून आत जायचं. त्याने गाडी वळवली नाही. मग घरी आला, आणि अंगणात बसून नवे बटाटे खरवडू लागला.

लाउरिट्सला विबेकेबाईंनीच आणलं. मानेभोवतीची चुणीदार पांढरी कॉलर तेवढी त्यांनी काढली होती. काळा झगा अंगावर तसाच होता.

"तुमचं काहीतरी चर्चमध्ये राहिलं होतं," म्हाताऱ्याला दाराजवळच्या बाकावर बसवत त्या म्हणाल्या.

"रागवायचं असेल तर रागवा. ऐकून घेतो."

"रागवायला नाही, कॉफीला आलेय."

हेनिंगने मान वर केली नाही.

"आजच त्या वाटा उडवून घरी परतणाऱ्या उधळ्या पुत्राचा दाखला काढायचा होता? ट्रोल्स आज येतोय हे साऱ्या गावाला ठाऊक आहे."

"मी कुठे काढते? आजच्या रविवारला तोच नेमलेला असतो. तुमच्या भावाने पंचांग बघून दिवस ठरवला असेल, तर ते तुम्ही त्यालाच विचारा."

हसू दाबण्यासाठी हेनिंगने हातातला बटाटा जरा जास्तच खरवडला.

"खाडीलगतचं सगळं रान विकून बाबांनी त्याला वाटा दिला," तो म्हणाला. "हा स्पेनमध्ये हॉटेल काढायला गेला. आई गेली तेव्हा फुलं पाठवली. फुलं! आता हॉटेल बुडालं, बायको सोडून गेली, तर साहेबांना घर आठवलं. आठवू दे. पण मला त्या दाखल्याचा अर्थ सांगा. बाप म्हणजे देव, धाकटा म्हणजे पश्चात्ताप झालेला पापी, कबूल. मग थोरला कोण? रविवारच्या शाळेत आमचे मास्तर म्हणायचे, थोरला म्हणजे परूशी, नियमावर बोट ठेवणारा, कोत्या मनाचा. धाकट्यासाठी कापलेल्या त्या वासराला चारा कोण घालत होतं, ते काही मास्तरांनी कधी सांगितलं नाही."

विबेकेबाई बाकाच्या कडेवर टेकल्या.

"मला विचाराल तर तो दाखला थोरल्यासाठीच आहे. धाकटा घरात गेला, जेवायला बसला, त्याचं झालं. थोरला अजून अंगणात उभा आहे, आणि मेजवानी सोडून बाप त्याची मनधरणी करायला बाहेर आलाय. पुढे तो आत गेला की नाही, ते प्रभूने सांगितलंच नाही."

"मग मी सांगतो. नाही गेला."

"तो आला का?" लाउरिट्सने विचारलं.

स्मरण जाऊ लागल्यापासून म्हाताऱ्याच्या तोंडी एवढा एकच प्रश्न उरला होता. खिडकीशी बसल्यावर तोच, तोंडात घास असताना तोच. हेनिंगने त्याला न्हाऊ घालावं, त्याची दाढी करावी, आणि त्याने परक्यासारखं बघत हेनिंगलाच विचारावं, तो आला का? कोण, हे हेनिंगने कधी विचारलं नाही. विचारायची गरजच काय होती!

"नाही, अजून नाही," तो नेहमीसारखं म्हणाला. मग बटाट्यांचं पातेलं त्याने विबेकेबाईंच्या हातात दिलं. "पण आज येणार आहे. आज होऊ दे यांच्या मनासारखं. मी खाली कुरणात जातो, कुंपण बघायचंय. आणि त्याला सांगा, वासरू कापलेलं नाही. कालचे खिम्याचे गोळे आहेत."

"हेनिंग, निदान त्याला भेटून तरी..."

पण तो उतार उतरून गेलाही होता.

कुंपणाला काहीच झालं नव्हतं. हेनिंग एकेक खांब हलवून बघत राहिला. थोड्या वेळाने वर रस्त्यावरून एक निळी गाडी अंगणात वळली. गाडीतून उतरलेला माणूस टकला होता, खांदे पडलेला. ट्रोल्सचे केस किती दाट होते! लाउरिट्स बाकावरून उठताना दिसला, आणि हेनिंगने पाठ फिरवली. पुढचं सगळं त्याने मनात कितीदा तरी पाहिलं होतं. डोळ्यांनी बघायची गरज नव्हती.

"लाउरिट्स! अहो, काठी! लाउरिट्स!"

विबेकेबाईंची किंकाळी ऐकून तो गर्रकन वळला. म्हातारा धावत होता. काठी बाकापाशीच पडली होती. खडीवरून, दोन्ही हात पसरून, झोकांड्या खात तो धावत होता. ट्रोल्सही हात पसरून उभा होता. पडला तर खुब्याचं हाड जाईल, एवढंच हेनिंगच्या मनात आलं आणि तो जीव खाऊन चढण चढू लागला.

लाउरिट्स ट्रोल्सपर्यंत पोचला. आणि त्याला ओलांडून पुढे आला. नजरही न टाकता, रस्त्यातल्या झाडाला वळसा घालावा तसा. उघड्या फाटकातून तो गवतात उतरला आणि थेट हेनिंगच्या छातीवर येऊन आदळला.

"हेनिंग! आलास रे! माझा हेनिंग आला!"

म्हाताऱ्याचे हात त्याच्या मानेभोवती घट्ट आवळले गेले. या हातांत एवढा जोर उरला असेल, हे ते हात रोज धुऊनपुसून देणाऱ्या हेनिंगलाही ठाऊक नव्हतं.

"किती वाट बघायची रे तुझी?" लाउरिट्स धापा टाकत बोलत होता. "रोज विचारतो मी, तो आला का, तो आला का. तो घरी काम करणारा माणूस आहे ना, त्याला. चांगला आहे बिचारा, दाढी हलक्या हाताने करतो. पण विचारलं की आपलं एकच, अजून नाही, अजून नाही. मला वाटलं, शेतावर गेलास तो आता येतच नाहीस."

हेनिंग पाय रोवून उभा राहिला, कारण म्हातारा त्याच्या आधाराने उभा होता. अजून नाही. रोज, स्वतःच्या तोंडाने त्याने सांगितलं होतं.

बापाच्या खांद्यावरून त्याला अंगण दिसलं. विबेकेबाई पातेलं छातीशी धरून उभ्या होत्या. ट्रोल्सचे हात अजून अर्धवट पसरलेलेच होते. मग ते खाली आले, आधी एक, मग दुसरा. हा चेहरा एकदा असा बघायला मिळावा, अशी हेनिंगची किती वर्षांची इच्छा होती. क्षणभर त्याला अतिशय गोड वाटलं. लगेच तोंडात काहीतरी कडू आल्यासारखं झालं.

ट्रोल्स वळला. त्याने गाडीच्या दाराला हात घातला.

"ट्रोल्स," हेनिंगने हाक मारली. "अरे ट्रोल्स! थांब ना!"

म्हातारा बाही सोडायला तयार नव्हता, म्हणून तोही ओढल्यासारखा बरोबर आला. दोघे चढण चढून गाडीपाशी पोचले.

"जेवून जा," हेनिंग म्हणाला.

"मी समोर उभा होतो, हेनिंग. अगदी समोर."

"पाहिलं मी."

"मी काय करू आता?"

तेवढ्यात लाउरिट्सने पुढे वाकून ट्रोल्सकडे निरखून बघितलं.

"पाहुणे आलेत का? अहो, या की. उन्हात काय उभे राहिलात! नाव काय तुमचं?"

ट्रोल्सने भावाकडे पाहिलं.

"ट्रोल्स," तो म्हणाला.

"ऐका! आमच्या धाकट्याचंही तेच." म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "भारी खोडकर कार्टं. आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा, माडीवर. मला सोडून कुठे म्हणून जात नाही तो. चला, आत चला. फक्त पावलं वाजवू नका हं."

हेनिंगने दार उघडून धरलं. ट्रोल्स पायरीवर वाकला. बुटाच्या नाड्या सोडायला त्याला बराच वेळ लागला. मग बूट हातात घेऊन, चवड्यांवर चालत, तो बापाच्या मागोमाग आत गेला.