पाणी तोडलेली बाग

मनोहररावांनी मिलची नोकरी सोडली, त्या दिवसापासून पुष्पलतेच्या डोळ्यांत कुसळ गेलं होतं. चोळावं तितकं जास्त सलत होतं.

नंदनवन वस्तीतली ती दोन घरं, मध्ये मेंदीचं कुंपण. इकडे तिचा नवरा बाबाराव, तिकडे मनोहरराव आणि त्यांची इंदुताई. दोघे पुरुष एकाच मिलमध्ये, एकाच खात्यात, एकाच महिन्यात लागलेले. पगार तोच. नरखेडकडे वडिलांच्या संत्राबागेचा एकेक तुकडा दोघांनाही आलेला. आणि आता बेचाळिसाव्या वर्षी एकाने "पुरे झालं, आता बाग पाहतो" म्हणत मोकळं व्हावं, आणि दुसऱ्याने डबल ड्यूटी करून सकाळी डोळे तांबारून घरी यावं? हा कुठला न्याय?

पैशाचा हेवा असता तर तो तिने गिळलाही असता. पण सकाळी दहाच्या कोवळ्या उन्हात ते नवराबायको अंगणात चटई टाकून तुरीच्या शेंगा सोलत बसत. तो काहीतरी बोले, ती हसे. एखादा हिरवागार दाणा तो तिच्या तळहातावर ठेवी. आणि इकडे पुष्पलता पाच वर्षांच्या गोपिकेला "हळू बोल, बाबा झोपलेत" म्हणत दार लोटून घेई. गोपिका भातुकली मांडे तेव्हा बाहुलीचा बाबा नेहमी रुमालाखाली झोपलेला असे. एकदा पुष्पलतेने तो उचलून बसवला, तर पोरगी कावली. "असं नको करू वं आई! त्याची झोप मोडन ना!"

त्या दिवशी पुष्पलतेला जेवण गेलं नाही.

राग मात्र बाबारावांवरच निघाला. कामावर निघालेल्या माणसाच्या हातात दोन डबे देताना ती म्हणाली, "मनोहररावले जमलं. तुमाले काहून नाही जमत?"

बाबाराव चपलेत पाय घालत होते. त्यांनी नुसतं वर पाहिलं. खोकल्याची उबळ आली, ती रुमालात दाबली आणि सायकल काढली.

त्या पाहण्याचा अर्थ तिला कळत नव्हता असं नाही. गोपिकेच्या बारशालाच ते म्हणाले होते, "आता सोडतो, कापूस जाऊन राहिला छातीत." तेव्हा ती म्हणाली होती, घरावर स्लॅब पडू द्या. स्लॅब पडला तेव्हा म्हणाली, विहिरीवर मोटार बसू द्या. मोटार बसली. मग शिलाई मशीन, मग गोपिकेच्या नावाने पोस्टात काहीतरी. यंदा वरची खोली. एकही मागणी उधळपट्टीची नव्हती, म्हणून तर बाबारावांना वाद घालता येत नव्हता. दोन वर्षं झाली, त्यांनी विचारणंच सोडलं होतं.

संक्रांतीच्या आधी इंदुताईने कुंपणावरून हाक मारली. "येतेस का वं आमची बाग पाहाले? सकाळच्या एसटीनं जाऊ, दिवे लागाच्या आत वापस."

पुष्पलता लगेच तयार झाली. तिचं सासर तिकडचंच असलं तरी ती शहरात, महाल भागात वाढलेली. गावी जायची ती उन्हाळ्यात, पापडकुरडया करून परत यायची. बागेत नेमकं काय चालतं हे तिने कधी पाहिलं नव्हतं. आज मात्र तिला पाहायचं होतं, इंदुताईच्या या सुखाला खालून टेका कशाचा आहे ते.

आणि बाग पाहून ती थक्कच झाली. झाडं उभी होती, पण पानं गुंडाळलेली, खाली कललेली, हिरवा रंग उडालेला. आळ्यातली माती भेगाळली होती. विहिरीत पाणी दिसत होतं, मोटार मात्र बंद. मनोहरराव सदऱ्याच्या बाह्या वर सारून या झाडाकडून त्या झाडाकडे फिरत होते.

पुष्पलतेच्या मनात काहीतरी गार गार पसरलं. लाज वाटण्याजोगा तो आनंद होता. बुडाली! यांची बाग बुडाली!

"इंदुताई," ती वरवर काळजीने म्हणाली, "बागेवर पुरन ना वं तुमाले? भेव नाही वाटत?"

"वाटते ना! रोज वाटते," इंदुताई पदराने घाम पुसत म्हणाली. "पुरते म्हनून थोडीच सोडली नोकरी? यांनी विचारलं, मी हो म्हटलं. पहिल्या डाव हो म्हनाले जीभच उचलत नोती माई. थोडं बसलो, चहा प्यालो, मंग म्हटलं."

एवढंच? पुष्पलतेला ते खरं वाटलं नाही. ती मनातल्या मनात वाळलेली पानं मोजत घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाराव ड्यूटीवरून आले. भुवयांवर कापसाचे तंतू तसेच. चहाची कपबशी त्यांच्यापुढे ठेवताना तिला दम निघेना.

"आईकलं का? मनोहररावची बाग वाळून राहिली! पानं पार गुंडाळली. विहिरीत पाणी, अन् माणूस मोटार लावत नाही. नोकरी सोडून हे कमावलं!"

बाबाराव हसले. किती दिवसांनी हसले, पण खोकत खोकत.

"अवं, पाणी तोडलं त्यानं. मुद्दाम. झाड तानावर ठेवलं की मंग पाणी देल्यावर फुलते. फेब्रुवारीत जाऊन पाय, वास मावणार नाही बागेत."

पुष्पलतेचा चेहरा उतरला. "मंग पाणी देतेत कधी?"

"जोवर दुपारी पानं कलतेत अन् संध्याकाळी सरळ होतेत, तोवर थांबाचं. संध्याकाळीबी कललेलीच राहिली, की लगेच मोटार सुरू." बशीतला चहा त्यांनी फुंकला. "आमच्या बाबानं एक साल लालच केली. आणखी ताण देला तर आणखी फूल येईन म्हने. थांबले, थांबले. अर्धी झाडं जी गेली ते गेलीच. राहिली तेवढी आपल्या वाट्यात हायेत."

एवढं बोलून ते आत जाऊन पडले. खोकला भिंतीपलीकडून येत राहिला. पूर्वी झोप लागली की तो थांबायचा. पुष्पलता चुलीपाशी कान देऊन बसली. आज तो थांबत नव्हता.

नऊच्या सुमारास रामाजी मिस्त्री आले. वरच्या खोलीचं माप घ्यायला तिनेच बोलावलं होतं. फूटपट्टी उलगडत ते जिन्याकडे निघाले.

"रामाजीभाऊ, ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "खोली नाही बांधाची."

"यंदा नाही का?"

"यंदा नाही, पुढंबी नाही."

मिस्त्री गेले तसे बाबाराव दारात येऊन उभे राहिले. "काहून वापस पाठवलं गरिबाले?"

तिची जीभ खरंच उचलेना. इंदुताई खोटं बोलली नव्हती, याचाही तिला क्षणभर राग आला. मग तिने एका दमात म्हटलं, "नोकरी सोडा तुमी."

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते ऐकून बाबाराव खाली ओट्यावरच बसले. चेहऱ्यावर आनंद नव्हता, भीती होती. "पुरन का पण?"

"मले काय मालूम?" ती म्हणाली. "नाही पुरलं तर कपडे शिवन मी. पण आता आणखी नाही थांबाचं."

गोपिका धावत आली, बाबा जागा दिसल्यावर बावरली आणि मग हळूच त्यांच्या मांडीत शिरली. पुष्पलतेने आतून तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप आणून त्यांच्यापुढे ठेवलं आणि शेजारी बसली. बाबारावांची बोटं मिलमधल्या सांच्यावरच्या सुताला सरावलेली, पहिली शेंग त्यांच्याकडून चिरडलीच. ती हसली.

कुंपणापलीकडे बांगड्या वाजल्या. इंदुताई पाहत होती हे पुष्पलतेला पाठीवर कळत होतं. तिने मुद्दाम मान वळवली नाही. बाबारावांच्या आणखी जवळ सरकली.

पाहू दे तिला.