भाजलेली माती

महाराजांच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. मंतरलेल्या मातीची पुडी न्यायची, घेवड्याच्या मुळाशी घालायची, की पिवळे वेल हिरवेगार. "माती निमित्त आहे, मन निर्मळ हवं," महाराज बजावायचे. वेल फोफावला तर त्यांचं तेज, नाही फोफावला तर तुमचं पाप.

एकाच घरातल्या दोन जावांनीही पुड्या नेल्या. धाकटीचा वेल तीन आठवड्यांत कुंपणावर चढला, थोरलीचा पिवळाच राहिला. थोरलीचा नुसता जळफळाट झाला. ती दवाखान्यात कात्र्या-चिमटे उकळणारी, घर लखलखीत ठेवणारी. आणि धाकटीचा सगळा आनंदीआनंद. तरी यश तिलाच? तिने गाऱ्हाणं नेलं तेव्हा महाराजांनी डोळे मिटून निदान केलं, "धाकटी तुझा वाटा ओढते. परसात भिंत घाल, चूल वेगळी कर."

थोरलीला हेच ऐकायचं होतं. विटा येऊन पडल्या. बारा वर्षं एका स्वयंपाकघरात वावरलेल्या जावा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

शेजारी राहणाऱ्या, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी भिंत उभी राहण्याआधी दोघींचा एकेक वेल उपटायला लावला. धाकटीच्या मुळांवर बारीक गाठी होत्या, आतून गुलाबी. थोरलीची मुळं कोरी. पुडी कशी घातलीस, असं बाईंनी विचारलं.

"कुणाकुणाच्या पायाखालची माती ती," थोरली तोऱ्यात म्हणाली. "तव्यावर खरपूस भाजली, मगच घातली."

बाईंनी समजावलं. गाठींत जीवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन वेलाला लागेल असा करून देतात, वेल त्यांना साखर देतो. माणूस जन्मायच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून जीवाणू असं खत पुरवत आलेत, म्हणून रानं वाढली, आणि त्यांच्यावर जगणारे आपणही. इथल्या भरावाच्या जमिनीत ते जीवाणू नव्हते. महाराजांच्या घरामागे मात्र घेवड्याचा जुना वाफा होता. पुड्या तिथल्याच मातीने भरल्या जाताना बाईंनी पाहिल्या होत्या.

"मंत्राने काही झालं नाही," बाई म्हणाल्या. "धाकटीने जिवंत माती घातली, तू मेलेली."

थोरलीला पटेना. मग बाईंनी शाळेच्या वाफ्यातली, कुणीही न मंतरलेली माती दिली आणि भाजायची नाही अशी ताकीद दिली. महिन्याभरात वेल हिरवा झाला.

थोरलीने भर मांडवात विचारलं, "महाराज, चूक माझ्या तव्याची होती. मग जावेचं नाव का घेतलंत?" महाराजांची समाधी लागली ती लागलीच. लोक एकेक करून उठले.

घरी येऊन ती धाकटीला म्हणाली, "तुझा वेल बघून मी जळत होते गं. म्हणून त्या महाराजाचं खरं वाटलं."

"अजून जळता का, ताई?"

"थोडीशी. तुला शेंगा जास्त लागल्यात."

हेवा कुणालाही वाटतो, त्यात पाप नाही. पण दुसऱ्याचं का फुललं आणि आपलं का सुकलं, हे कुठल्या महाराजाला विचारू नका. खणून बघा.