हरवलेल्या पानाचा सवाल

जयवंत शाहिराचं डोकं त्या वर्षी पुरतं फिरलं होतं, आणि फिरवलं होतं पुस्तकांनी.

दहिसरला नदीकाठच्या चाळीत एक खोली. त्यात बायको, मुलगी, शिलाई मशीन, आणि उरल्यासुरल्या जागेत हा बाबा जाडजूड ग्रंथ आणून रचत होता. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. आता तो औषधाच्या कंपनीत खोकी भरायचा, पण जीव सगळा शक्ती-तुऱ्यात. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगायला हवं. दोन शाहीर समोरासमोर, एक शक्तीवाला, एक तुरेवाला. पोरं पायात चाळ बांधून गोल धरून नाचतात, ढोलकी घुमते, आणि एकानं गाण्यातून टाकलेला सवाल दुसऱ्यानं गाण्यातूनच सोडवायचा, तोही पुस्तकाचा आधार देऊन. नाही सुटला तर चारचौघांत मान खाली घालून बसायचं.

गेल्या वर्षी ती पाळी जयवंतवर आली होती. जोगेश्वरीच्या तुरेवाल्या राजाराम शाहिरानं त्याला असा कोंडीत धरला की सवाल सुटलाच नाही. तेव्हापासून पार्टीतली पोरं कुजबुजत होती. ढोलकीवाला चंद्रप्रकाश तर तोंडावर बोलून मोकळा झाला, की यंदा बोरिवलीच्या सामन्यात हरलो तर मी राजारामकडे चाललो. त्याच्यासारखा हात अख्ख्या पश्चिम उपनगरात नव्हता. ढोलकी गेली की पोरं जाणार, आणि पोरं गेली की शाहीर कसला, नुसता खोकी भरणारा.

म्हणून तर ग्रंथांचा हा सोस. राजारामनं आयुष्यात ऐकलं नसेल असं काहीतरी शोधून काढायचं आणि त्याची जिरवायची, एवढंच डोक्यात. रोज नवं पुस्तक, रोज नवा सवाल. गावकीच्या सामाईक खोलीत तालमीला तो सवाल म्हणून दाखवायचा आणि पोरं जांभया द्यायची. एकदा रत्नप्रभा, त्याची बायको, डबा घेऊन आली होती. तिनं दारातून सगळं ऐकलं आणि घरी गेल्यावर सरळ सांगितलं, "तुमचे सवाल ऐकून मला सातवीची परीक्षा आठवते. कळत काहीच नाही, भीती तेवढी वाटते."

जयवंतला राग आला. शाहिराला बायकोनं असं बोलावं म्हणजे काय! पण राग ओसरल्यावर आतून कळलं की बाई बोलली ते खरं बोलली. मग त्यानं ग्रंथांची चळत बाजूला सारली आणि ट्रंकेच्या तळातून वडिलांचं जुनं पुस्तक काढलं.

ते पुस्तक म्हणजे नुसती लक्तरं होती. पुठ्ठा नाही, नाव नाही, सुरुवातीची पानं गळालेली. गोष्टींचं पुस्तक. जयवंत लहानपणी गावी ते वाचायचा, गिरणीत लागला तेव्हा वाचलं, संपात घरी बसला तेव्हा वाचलं. मन थाऱ्यावर नसलं की त्याचा हात आपोआप तिकडेच जायचा. त्यातली एक गोष्ट होडीवाल्याची. उधाणलेल्या खाडीत तो मधोमध असतो. मागच्या काठावरून हाक येते, तुझी आई शेवटचं पाणी मागतेय. पुढच्या काठावर एक अडलेली बाळंतीण, तिला होडीतून खाडीच्या वरच्या अंगाला सुईणीकडे पोचवायचं आहे. तो वल्हं उचलतो आणि पान संपतं. पुढचं पान फाटून गेलेलं. त्याच्या पुढच्या पानावर पहिलंच वाक्य: त्या रात्री होडीवाला शांत झोपला.

जयवंत ते वाक्य वाचून पुन्हा मागच्या पानावर आला. मग उठून बसला, कागद घेतला, आणि चहा होईपर्यंत सवाल तयार होता.

बोरिवलीच्या शाळेचं पटांगण रविवारी दुपारपासूनच भरलं. पंच होते अण्णा, गावमंडळाचे जुने शाहीर, कुणाची भीड न धरणारा माणूस. राजारामनं आधी सवाल टाकला, तो जयवंतनं कसाबसा सोडवला. मग जयवंत पुढे झाला.

"मागल्या काठी आई म्हणे, लेका घोटभर पाणी पाज,
पुढल्या काठी बाळंतीण ती, खाडीला उधाणाची गाज,
एकच होडी, एकच वल्हं, मधोमध तो अडला आज,
कुठल्या काठी गेला सांग तू, शाहिरा राख तुऱ्याची लाज!"

बायका पुढे सरकून बसल्या. राजारामनं आपल्या माणसांकडे पाहिलं, पुस्तकं चाळली, आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो पंचांकडे वळून म्हणाला की पुस्तकाचं नाव सांगायला लावा, आणि त्यात उत्तर काय आहे तेही. आता आली का पंचाईत! जयवंतनं ती लक्तरं अण्णांच्या हातात दिली आणि खरं ते सांगून टाकलं, की नाव नाही आणि उत्तराचं पानही नाही.

राजारामची पार्टी हसायला लागली. उत्तर नसलेला सवाल म्हणजे शुद्ध फसवणूक. चंद्रप्रकाशनं ढोलकी मांडीवरून खाली ठेवली. जयवंतनं ते पाहिलं.

अण्णांनी पानं उलटून पाहिली, होडीवाला शांत झोपल्याचं ते वाक्य वाचलं आणि म्हणाले, "सवाल बाद करतो. नाहीतर उत्तर तू दे. पण ऐकणाऱ्याला पटलं पाहिजे."

जयवंतनं डोळे मिटले. वाद्यं गप्पच होती. त्यानं तसंच गायला घेतलं, नुसत्या गळ्यावर. आधी गायला ते लहानपणी त्यानं स्वतःशी धरलेलं उत्तर, की होडीवाला मागे वळला, कारण आईपुढे जग कोण? म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मग गायला संपातलं. तेव्हा गावी आई गेली, गाडीभाड्याअभावी हा पोचला नाही, आणि पुस्तक वाचताना त्यानं ठरवून टाकलं की होडीवाला पुढेच गेला, आईनंच त्याला पुढे जा म्हटलं असणार. इथं त्याचा आवाज फाटला. गिरणीतली माणसं समोरच बसली होती, त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती. पण हे उत्तर त्याला कधीच पटलं नव्हतं. हे म्हणून तो स्वतःच कधी शांत झोपला नव्हता.

आता काय? तो थांबला. समोर माणसंच माणसं. संपात ज्यांनी त्याच्या घरी पीठ पोचवलं ती, गावी त्याच्या आईला ज्यांनी खांदा दिला त्यांची पोरं, रत्नप्रभाच्या बाळंतपणात धावून आलेल्या शेजारणी. आणि ते हरवलेलं पान त्याला तिथंच दिसलं.

"उभा राहुनी होडीत त्यानं हाक घातली वाडीला,
दहा घरांनी आई सांभाळली, तो गेला पुढल्या थडीला!"

चंद्रप्रकाशनं ढोलकी पुन्हा मांडीवर ओढली. मग ढोलकीवर थाप पडली, अशी कडक की चाळ बांधलेली पोरं आपोआप उठली आणि गोल फिरू लागली. बायका रडत होत्या, हसत होत्या, गिरणीवाले टोप्या उडवत होते. राजाराम स्वतः उठून आला, त्यानं जयवंतच्या गळ्यात हार घातला आणि सगळ्यांसमोर कबूल केलं की याच्यापुढे माझी पुस्तकं झक मारतात. अण्णांनी निकाल सांगितला, पण तो त्या गदारोळात कुणाला ऐकूच आला नाही.

पोरांनी जयवंतला खांद्यावर घेतलं होतं. खालून घामानं निथळणारा चंद्रप्रकाश ओरडला, "शाहीर, पुढल्या वर्षी कुठला सवाल?"

"हाच," जयवंत म्हणाला. "तोवर माझं उत्तर बदललेलं असेल."