दत्तरावांनी अडवलेली वाट

कासाबाईच्या मेंढ्या ज्या वाटेनं ओढ्यावर जायच्या, ती गाडीवाट दत्तरावांनी दिवाळीनंतर बंद केली. बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या, वरून तार ओढली. राणीसावरगावच्या शिवारात दोघांचे बांध एकमेकांना लागून. कासाबाईचा नवरा बिरू विचारायला गेला, तर दत्तराव काही न बोलता घरात निघून गेले. मेंढ्यांना लांबून वळसा पडू लागला; गाभण मेंढ्या मधेच बसून घेत. शेवटी कासाबाईनं गंगाखेडच्या तहसीलमध्ये दावा टाकला.

तहसीलदार होत्या भक्ती मॅडम. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर साक्षी घेऊन, जागा बघून तो मोकळा करून देण्याचा अधिकार कायद्यानं तहसीलदाराला दिलेला आहे. जमीन कुणाची, हे मात्र दिवाणी कोर्टानं ठरवायचं.

सुनावणीत दत्तरावांनी शपथ घेतली आणि एवढंच म्हणाले, "वाट जुनी हाय. अडवली म्याच."

"का अडवली?"

ते खाली मान घालून उभे राहिले.

तेवढ्यावर हुकूम देता आला असता. पण भांडायला आलेली माणसं बोलत सुटतात, हे भक्तीनं रोज पाहिलेलं. हा माणूस सगळं कबूल करून गप्प होता. तिनं निकाल थांबवला आणि जागा बघायला जायचं ठरवलं.

जीप बांधाशी थांबली, तेव्हा दत्तराव, कासाबाई आणि बिरू तिथं आलेलेच होते. तलाठी वाट दाखवत असतानाच गोठ्यामागून एक बाई अनवाणी आली. कुणाकडे न बघता ती सरळ काट्यांपाशी गेली आणि तिनं तार घट्ट धरली.

"सुमन!" दत्तराव धावले. बायकोची बोटं त्यांनी हळूच तारेवरून सोडवली.

"मला घरी जायचंय," सुमनबाई म्हणाल्या.

"घरीच हाव आपण."

"न्हाई. आई वाट बघायलीय."

दत्तरावांनी धोतराच्या सोग्यानं त्यांचा खरचटलेला हात पुसला. मग भक्तीकडे न बघताच बोलले, "हिची आई जाऊन लय सालं झाली. हिला आता काहीच ध्यानात राहत न्हाई. माहेरी जाते म्हणून याच वाटेनं निघती. पावसाळ्यात ओढ्यात सापडली, छातीएवढ्या पाण्यात. कचेरीत चार माणसांसमोर हे कसं सांगू? लोक हिला येडी म्हणतील."

 मग कासाबाई पुढं झाली.

"आबा, आमाला तरी सांगायचं व्हतं. म्या काय परकी हाव?" तिनं सुमनबाईंचा दुसरा हात धरला. "वैनी, च्या घेतला का?"

"तू कोण गं?"

"म्या कासा. तुमच्या शेजारची."

भक्ती म्हणाली, "दत्तराव, वाट मोकळी करावीच लागेल. तिथं मला सूट देता येत नाही. पण तुम्ही दोघं तडजोड करणार असाल, तर तीच हुकुमात लिहिता येईल."

"काटी काढा अन् फाटक बसवा," कासाबाई लगेच म्हणाली. "येता-जाता कडी आमी लावू."

"ओढ्यावर दिवसभर म्या असतोच," बिरू म्हणाला. "वैनी तिकडं आल्या तर घिऊन येईन."

दत्तरावांनी विहिरीकडे बोट केलं. मग ते म्हणाले, "गाभण मेंढ्या ओढ्यापस्तोर कशाला नेता? माझ्या विहिरीजवळ हौद हाय. तिथंच पाजा."

भक्तीनं जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून तडजोड लिहून घेतली. फाटक का बसवायचं, हे तलाठ्यानं विचारलं.

"दोघांच्या संमतीनं, एवढंच लिहा," ती म्हणाली. "रस्ता खुला झाला की माझं काम झालं. त्यांच्या घरातलं दुखणं कागदावर कशाला?"

तिनं मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. दत्तरावांनी सही केली, कासाबाईनं अंगठा उमटवला.

आठवडाभरात फाटक बसलं. पहिल्या दिवशी मेंढ्या आत शिरल्या तेव्हा सुमनबाई हौदाच्या कडेला बसल्या होत्या. एक कोकरू त्यांच्या लुगड्याला तोंड घासू लागलं, तसा त्यांनी त्याच्या कानामागं हात फिरवला. घरी जायचंय, असं त्या काही म्हणाल्या नाहीत. दत्तराव त्यांच्यापासून जरा लांब, झाडाखाली टेकले आणि कासाबाईचं लक्ष आहे हे बघून कितीतरी महिन्यांनी त्यांनी निर्धास्त डुलकी घेतली.