बाकापर्यंतचे दिवे

जमीन-मोजणीच्या खात्यातून निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, तरी मोजणीदारांच्या अंगातली मोजणी काही गेली नव्हती. भिंतीवरचे कॅलेंडर किती कलले आहे हे त्यांना दारातूनच कळे आणि कळले की सांगितल्यावाचून राहवत नसे. अशा माणसाने बागेत सोलरचे दिवे लावायचे मनावर घेतले, तेव्हा हे काम एका दिवसात आटोपेल ही आशा त्यांच्या पत्नीने आरंभीच सोडून दिली.

दिव्यांची निकड मात्र तिचीच होती. घरामागच्या बागेच्या टोकाला, कुंपणाला लागून, एक लाकडी बाक होते. दिवसाची कामे उरकली की अंधार पडता पडता तिथे जायचे आणि अर्धा तास एकटीने बसायचे, हा तिचा तीस वर्षांचा परिपाठ. गेल्या वर्षापासून तिला उतरत्या उजेडात नीट दिसेनासे झाले. तेव्हापासून मोजणीदार तिचा दंड धरून तिला बाकापर्यंत नेत, शेजारी बसत आणि त्या अर्ध्या तासात शेजाऱ्याचे कुंपण आपल्या हद्दीत वीतभर कसे सरकले आहे, ते साधार पटवून देत. महिनाभराने तिने बाकावर जाणेच सोडले.

"का गं, येत नाहीस हल्ली?" त्यांनी विचारले.

"तुमच्याशी बोलत बसायला अख्खं घर आहे की," ती म्हणाली. "तिथं मला एकटीला जायचंय. तसं जमत नसेल तर राहू दे."

हे त्यांना लागले. पण ते वाद घालणारे असले, तरी खोटा वाद घालणारे नव्हते. दोनच दिवसांनी ते तिला घेऊन दिव्यांच्या दुकानात गेले.

दुकानदारीण बोलकी होती. तिने फळीवरून बेडूक काढले, कमळे काढली, पाठीवर दिवा वाहणारे कासवही काढले. मोजणीदारांनी कासव उलटे करून त्याच्या पोटावरचा मजकूर अथपासून इतिपर्यंत वाचला. मग उजेड किती, किती तास आणि ढगाळ दिवशी किती, असे प्रश्न ओळीने सुरू झाले.

"काका, बागेतच लावायचेत ना?" दुकानदारीण म्हणाली. "का विमान उतरवायचंय?"

पत्नी हसली. मोजणीदारांच्या मनात उंच, काचेचे, चौफेर उजेड फेकणारे दिवे भरले होते. तिने त्यातला एक हातात घेतला. वरच्या काळ्या पट्टीवर तळहात ठेवून अंधार केला की दिवा पेटतो, हे दुकानदारिणीने नुकतेच दाखवले होते. दिवा पेटला आणि तिने डोळे मिटून घेतले.

"हा नको. थेट डोळ्यांत येतो," ती म्हणाली. "दिवा मला पायांना हवाय." मग तिने टोपी घातल्यासारखे दिसणारे, उजेड खाली जमिनीवर सांडणारे ठेंगणे दिवे निवडले.

"याचा उजेड निम्मासुद्धा नाही," मोजणीदारांनी हरकत घेतली.

"मग दुप्पट घ्या," दुकानदारीण म्हणाली, आणि आठाचे सोळा झाले.

पुढचे दोन दिवस मोजणीदारांना जेवणाची शुद्ध नव्हती. त्यांनी वाटेचा नकाशा काढला. तिची रुंदी, लिंबाच्या झाडापाशी घेतलेले वळण, बाकाची जागा, काही म्हणता काही सुटले नाही. मग खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, फीत धरली आणि वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर, बरोबर दीड दीड मीटरवर, आठ जोड्या रोवल्या. तिसऱ्या दिवशी दिव्यांनी पोटभर ऊन खाल्ले. सूर्य मावळल्यावर ते एकेक करून लागले, तेव्हा ते पाहतच राहिले. सोळा दिव्यांत बोटभराचाही फरक नव्हता.

"जा आता," ते म्हणाले. "डोळे झाकून जा."

ती निघाली. चार जोड्या ओलांडल्या आणि थांबली. तिने एक पाय उचलला, हवेत चाचपला आणि परत मागे घेतला.

"काय झालं?"

"पायऱ्या कुठं आहेत?"

"पाचव्या जोडीच्या एक फूट अलीकडं. दोन आहेत."

"म्हणजे मी दिवे मोजत चालायचं?"

मोजणीदार तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. उजेडाच्या दोन ओळी इतक्या नेमक्या पुढे धावत होत्या की मधली जमीन सपाट फरशीसारखी दिसत होती. पायऱ्या त्यांत पार बुडून गेल्या होत्या. त्यांच्या नकाशात लांबी होती, रुंदी होती. उंच-सखल कुठेच नव्हते. जन्मभर ते लांबी-रुंदीचेच धनी. चढ-उतार मोजायला खात्यात दुसरा माणूस असे, आणि त्याच्या कामात नाक खुपसायचे नाही, हा त्यांचा नेम होता.

"चुकलं," ते म्हणाले. घरात हा शब्द क्वचितच ऐकू येई.

"मग उपटा सगळे, बादलीत घाला आणि माझ्यामागून या," ती म्हणाली. "मला हात लावायचा नाही. मी सांगेन तिथं एक दिवा रोवायचा."

बादली घेऊन ते मागे चालू लागले. ती पायाने जमीन चाचपत जाई आणि पाय जिथे अडखळे तिथे "इथं" म्हणे. दोन दिवे पहिल्या पायरीच्या काठाला गेले, एक दुसरीच्या खाली. एक लिंबाच्या वर आलेल्या मुळाशी, दोन वळणावर. मग ती न अडखळता पुढे चालत गेली.

"इथून इथपर्यंत एकही नाही," मोजणीदार काकुळतीला येऊन म्हणाले. "साडेतीन मीटर."

"इथं माझा पाय घाबरत नाही."

शेवटचे तीन बाकाशी लागले. सात बादलीतच राहिले. वाट आता कुणी मूठभर दिवे भिरकावल्यासारखी दिसत होती.

दोघे दारापर्यंत परत आले. तिने पदर खोचला आणि एकटी निघाली. मोजणीदार मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसले. पायऱ्यांपाशी ती थांबली तेव्हा ते अर्धे उठले, आणि ती पहिली पायरी उतरल्यावर खाली बसले. वळणावर ती झाडामागे दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने बाकाची फळी करकरली.

अर्धा तास झाला. मग पाऊण. ते हलले नाहीत आणि त्यांनी हाकही मारली नाही.

"अहो," टोकाकडून आवाज आला, "जागे आहात ना?"

"आहे."

"मग चहाचं आधण ठेवा. येते मी."

ते उठले. ती पायऱ्या चढेपर्यंत थांबावे, असे त्यांना फार वाटले. पण मग त्यांनी बागेकडे पाठ केली आणि आत जाऊन गॅस पेटवला.