विटांवर बसलेली सायकल

मित्रांनो, लांबून पाहून तुम्ही मला कुल्फीची गाडी समजला असाल, तर मी रागावणार नाही. शहापूर तालुक्यातल्या निम्म्या लोकांनी तसंच समजून माझ्यापुढे सुटे पैसे धरले आहेत. मी एक जुनी सायकल आहे, आणि तीन चाकांची आहे. पुढे दोन चाकं, त्यांच्यावर मोठी लाकडी पेटी, मागे एक चाक आणि त्याच्यावर सीट. जन्म हॉलंडचा, आणि सध्याचा मुक्काम आटगावच्या पुढे एका वीटभट्टीवर. मी एवढ्या लांब कशी आले आणि आता चालत का नाही, ते सगळं सांगते. मला कुठेही जायची घाई नाही.

हॉलंड हा ताटासारखा सपाट देश आहे. तिथे आईबाप माझ्यासारख्या सायकलच्या पेटीत मुलांना बसवतात आणि शाळेत सोडून येतात. पेटीत मुलं बसतात, कुत्रा बसतो, भाजी बसते, कधीकधी आजीसुद्धा बसते. ज्या सुताराने मला घडवलं त्याने माझ्या फळ्यांवरून हात फिरवला आणि ही पन्नास वर्षं टिकेल असं सांगितलं. ती पन्नास वर्षं कुठे काढायची आहेत, हे विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही.

मला विकत घेतलं योहाना नावाच्या एका शिक्षिकेने. मिशनरी होऊन ती भारतात मुलांची सेवा करायला निघाली होती. तिकडचे रस्ते कसे आहेत ते आधी विचारून घे, असं सगळ्यांनी तिला सांगितलं. पण योहानाचा देवावर फार विश्वास, आणि त्याच्या खालोखाल सायकलवर. जिथे मुलं आहेत तिथे सायकल चालणारच, असं ती म्हणाली आणि तिने मला जहाजात चढवलं. इकडे बंदरावर एका साहेबांनी माझ्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, डोकं खाजवलं आणि कागदावर ‘लाकडी सामान’ असं लिहिलं. तो अपमान मी अजून गिळलेला नाही.

शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर मिशनचं एक छोटं वसतिगृह आहे. मुरबाडच्या डोंगराकडच्या वाड्यांमधली तीसेक मुलं तिथे राहतात आणि जवळच्या शाळेत जातात. स्वयंपाक सुंदरामावशी करतात. त्यांनी पहिल्या दिवशी मला बाजारातल्या वांग्यासारखं उलटसुलट न्याहाळलं आणि हिला बैल कुठून जुंपायचा, असं विचारलं. योहाना म्हणाली, “हो, हो.” मराठीतला हा एवढा एकच शब्द ती विमानात शिकून आली होती आणि तो ती सगळीकडे वापरायची.

पहिले काही महिने माझी चांगलीच शोभा झाली. मी बाजारात शिरले की पोरं कुल्फी मागत धावत यायची. एकदा एका काकूंनी अगदी शांतपणे कचऱ्याचा डबा माझ्यात उपडा केला आणि उद्या जरा लवकर या, असं सांगून आत गेल्या. योहानाने त्यांचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी ती खरंच लवकर गेली. कुणी बोलावलं की जायचं, असं तिचं तत्त्व होतं.

उताराची गोष्ट तर विचारूच नका. माझ्या देशात उतार नसतो, त्यामुळे ब्रेक हा मला दागिना म्हणूनच घातला होता. पहिल्याच उतारावर आम्ही दोघी रस्ता सोडून कमळाकरभाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या खाचरात उतरलो. नुकतीच भाताची लावणी झालेली. योहाना चिखलातून उठली, तिने हात जोडले आणि पुढचे दोन दिवस कमरेत वाकून मोडलेली रोपं पुन्हा लावून दिली. ती ओळ इतकी वाकडी आली की कापणीपर्यंत कमळाकरभाऊ येईल त्याला ती कौतुकाने दाखवत होते. नंतर त्यांनीच ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचे तुकडे कापून मला ब्रेकला रबर बसवून दिलं. योहाना मात्र तेव्हापासून उतारावर डोळे उघडे ठेवून प्रार्थना करायला लागली.

मिशनरी माणसाला परदेशात फार एकटं वाटतं, हे मी जवळून पाहिलं आहे. तिकडे हॉलंडमध्ये तिची म्हातारी आई नाताळला एकटीने मेणबत्ती लावायची, आणि इकडे ही तापाने फणफणलेल्या मुलांच्या कपाळावर पट्ट्या बदलत बसायची. घरची आठवण अनावर झाली की योहाना शेडमध्ये यायची, माझ्या पेटीत पाय दुमडून बसायची आणि रडायची. तिच्या घरची तिच्याजवळ असलेली मी एकच वस्तू. मला त्याचा अभिमान होता आणि तिची दयाही यायची. बाहेरून एखाद्या पोराने हाक मारली की ती घाईघाईने उठायची, आणि उठताना दर वेळी तिचं डोकं पत्र्यावर आपटायचं.

पण आनंदही काही कमी नव्हते. नाताळच्या नाटकात माझी पेटी म्हणजे बाळ येशूची गव्हाण. एका वर्षी मेंढपाळ झालेल्या मुलाने खरी शेळी आणली आणि शेळीने देवदूताचा कागदी पंख खाऊन टाकला. देवदूत उरलेल्या एका पंखावर शेवटपर्यंत ताठ उभा राहिला. इतका चांगला नाताळ हॉलंडमध्ये कधी झाला नाही, असं योहानाने घरी कळवलं.

तो देवदूत म्हणजे संजीवनी. तेव्हा चौथीत होती. शाळेत जाताना ती पेटीच्या अगदी पुढच्या टोकाला बसायची आणि खड्डा आला की ओरडायची. योहानाला मराठी तिनेच शिकवलं. त्यामुळे योहाना मुख्याध्यापकांनाही ‘काय रे’ म्हणायची. पाचवीत गेल्यावर संजीवनीने शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म भरला. तिच्या वाडीतलं कुणीही त्या परीक्षेला कधी बसलं नव्हतं. नंबर येणं राहू द्या, पण अनोळखी शाळेच्या बाकावर आपल्या नावाचा नंबर चिकटवलेला असेल आणि आपण तिथे पेपर सोडवत असू, या कल्पनेनेच ती हरखून गेली होती. फेब्रुवारीत परीक्षा होती.

आणि दिवाळीनंतर संजीवनी परत आली नाही.

दिवाळी झाली की त्या वाड्यांमधली कितीतरी घरं वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. संजीवनीचे वडील विठू आणि आई बाईजा आटगावच्या पुढे एका भट्टीवर गेले होते, आणि तिलाही घेऊन गेले होते. योहानाने हे ऐकलं आणि मला बाहेर काढलं. पंधरा किलोमीटर. अर्धा रस्ता तिने मला चालवलं आणि अर्धा ढकललं. वाटेत ती शिक्षणाच्या महत्त्वावर मराठीतलं भाषण पाठ करत होती. ते मलाही पाठ झालं.

भट्टीवर आमचं स्वागत छान झालं. चहा आला. विठूने भाषण मान खाली घालून पूर्ण ऐकलं आणि म्हणाला, “हां, पाठवतो की.” योहाना इतकी खूश झाली की परतताना तिने मला चढावरही चालवलं. हॉलंडमध्ये ‘हो’ म्हणजे हो. वसतिगृहात त्या दिवशी शिरा झाला. संजीवनीची वाटी झाकून ठेवली. ती दोन दिवसांनी शेजारच्या शेळीला द्यावी लागली.

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. पुन्हा चहा, पुन्हा भाषण, पुन्हा “पाठवतो की.” बाईजानेही मान हलवली.

आता ऐका, मित्रांनो, कारण खरी गोष्ट मला पहिल्या दिवशीच कळली होती. मोठी माणसं आत चहा पीत होती तेव्हा संजीवनीने कडेवरचा भाऊ माझ्या पेटीत ठेवला होता. त्याचं नाव हरेश, वय वर्षभर. तो दिसेल तिकडे रांगत सुटायचा, आणि तिथे दिसण्यासारखं काय, तर पेटलेली भट्टी आणि चिखलाचे खड्डे. त्याला सांभाळायचं काम संजीवनीचं. माझ्या पेटीत तो अडकून पडला तेव्हा तिने हुश्श केलं, विटेचा एक तुकडा उचलला आणि माझ्या फळीवर बाहेरून अपूर्णांकांची गणितं सोडवायला बसली. दोन्ही वेळा योहानाने निघताना फडकं घेतलं आणि मला स्वच्छ पुसलं. मी नुसती करकरले. सायकलचं कोण ऐकतं?

जानेवारी संपत आला. तिसऱ्या खेपेला सुंदरामावशी म्हणाल्या, मी पण येते. त्या पेटीत बसल्या. मावशींचं वजन मी सांगणार नाही, पण हायवेवर एका ट्रकवाल्याने आम्हाला मान देऊन वाट करून दिली. भट्टीवर पोचल्यावर मावशींनी चहा घेतला नाही. त्या माझ्याजवळ आल्या. पेटीत हरेश होता, तो कडेला धरून उभा राहून एक चमचा बाहेर फेकत होता, आणि बाहेर संजीवनी तो चमचा उचलून देत गणित सोडवत होती. मावशींनी बाईजाला हाक मारली आणि सरळ विचारलं, “पोरगी आली तर याला कोन बघंल?”

बाईजा चिखलात उभी होती. तिने हातावरचा चिखल पदराला पुसला. मग योहानाकडे बघून म्हणाली, “बाय, तुमी उनातानात तीन वेला आलाव. तुमाला तोंडावर नाय कसा म्हनायचा? पन हा रांगत रांगत भट्टीकं जातो. मी चिखल तुडवू का याला धरू? पोरगी हाय म्हनून हा जिता हाय.”

योहानाच्या हातात माझं फडकं होतं. तिने या वेळी फळीवरची गणितं वाचली. आठ होती. सात बरोबर होती. मग तिने माझ्या सीटवर हात ठेवला. मी त्या हाताला पुरतं ओळखत होते, त्यामुळे ती काय बोलणार ते मला आधीच कळलं आणि मी हादरले.

“ही इथेच राहील,” ती म्हणाली.

विठूने आधी नको नको म्हटलं. मग तो चार विटा घेऊन आला, मग आणखी चार. त्याने माझी चाकं उचलून विटांवर अशी घट्ट बसवली की मी तसूभर हलेना. बाईजा काम करायची त्या खड्ड्यापासून मी दहा पावलांवर होते. ती खड्ड्यात जाऊन उभी राहिली आणि तिथून तिने पाहिलं. पेटीच्या कडेवर हरेशचं डोकं दिसत होतं. तिने ते चारदा वाकून, उठून पाहिलं. मग ती संजीवनीला म्हणाली, “जा गो.”

त्या तिघी आटगावच्या दिशेने चालत निघाल्या. संजीवनी पुढे पळत होती. योहाना दोनदा मागे वळली. मला फार वाईट वाटलं, हे मी कबूल करते. तेवढ्यात हरेशने चमचा माझ्याच डोक्यात घातला, म्हणजे हँडलवर, आणि दुःख करायला वेळच उरला नाही. आठवडाभरात आजूबाजूच्या झोपड्यांनी आपापली रांगती पोरं माझ्यात आणून ठेवली. एक म्हातारी त्यांच्याजवळ बसायला लागली.

संजीवनीला शिष्यवृत्ती मिळाली नाही. तीन गुणांनी हुकली. निकाल सांगायला दोघी भट्टीवर आल्या तेव्हा योहानाच रडत होती. “बाय, तू रडू नको,” संजीवनी म्हणाली, “मी पेपर सोडवला ना.” आता ती आठवीत आहे आणि वाडीतली आणखी दोन मुलं पाचवीचा फॉर्म भरणार आहेत.

मी आता दरवर्षी दिवाळीनंतर विठूच्या संसाराबरोबर टेम्पोतून भट्टीवर येते आणि पावसाळा वाडीत काढते. तिथे माझ्यात कोंबड्या अंडी घालतात. योहाना हल्ली खच्चून भरलेल्या रिक्षात गुडघे हनुवटीला लावून प्रवास करते. तिच्या गावच्या चर्चने सायकलचा फोटो मागवला होता. तिने माझा पोरांसकट पाठवला. चाकांखाली विटा कशाला, असं त्यांनी विचारलं. ती अजून उत्तर लिहिते आहे, पत्र लांबत चाललंय.

माझा रंग उडाला आहे, साखळी गंजली आहे आणि मला सहा जणांनी ओलं केलं आहे, तेही रोज. तरी मला तेल नको आणि रंगही नको. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या गावात कुठे भट्टी असेल, रस्त्याचं नाहीतर इमारतीचं काम चालू असेल, तर तिथल्या लहान मुलाला कोण बघतं, एवढं एकदा विचारा. कुणी तुम्हाला ‘हां, हां, हाय की कोनीतरी’ म्हणालं, तर तेवढ्यावर परतू नका. थोडं थांबा आणि स्वतः जाऊन बघा.

आणि आत्ता जरा हळू बोला. सहापैकी पाच झोपलेत.