गुंतवळ

तुळजाची जीभ उचलली की टाळ्याला लागायची. खारबावात भांडण कुणाचंही असो, पाणवठ्यावर शेवटचा शब्द तिचाच. नवरा चिंधू भिवंडीला, नारपोलीत, कापडाच्या लूमवर होता. शिफ्ट करून घरी आला की म्हणायचा, "लूम बरा गं बाय, त्याला निदान बटन तरी असतं." ती हसायची. बाईला आपल्या जिभेचा अभिमान होता, खोटं कशाला बोला! त्या जिभेनं तिला पुढं कुठं नेऊन उभं केलं, ते आता ऐका.

घरामागं राहायची गुणाबाई. भावकीतलीच, वयानं मोठी, विधवा. गावातली धवलारीण. लग्नात हळदीपासून सगळे विधी तिच्या गाण्यावर चालायचे, धवलारणीला विधवापण आड येत नाही. ती धवला म्हणायला उभी राहिली की मांडवातली पोरंसुद्धा गप्प व्हायची. आणि केस! राखेच्या रंगाचे, कमरेखाली जाणारे. तुळजाच्या लेकीची, मंजुळाची, वेणी लहानपणापासून तिनंच घातली. तिच्या शेळीला लागेल तेवढा पेंढा तुळजाच्या माळ्यावरून न्यायला तिला कधी विचारावं लागलं नाही.

पंच्याहत्तर साल. चैत्रात तुळजाची दुभती म्हैस बसली ती उठलीच नाही. दुसऱ्या दिवशी गोठ्यावरच्या माळ्यावर पेंढा काढायला तुळजा चढली, तर आढ्याखाली गोळे पडलेले. अंगठ्याएवढे, राखाडी केसांचे, घट्ट वळलेले. एक तिनं काडीनं उकलला. आत बारीक बारीक हाडं! तिच्या तोंडचं पाणी पळालं.

आता बायकांची रीत तुम्हाला ठाऊक आहे. विंचरताना गळलेले केस बोटाभोवती गुंडाळायचे, त्याचं गुंतवळ करायचं, ते कुडाच्या फटीत खोचून ठेवायचं आणि सुया-पिनावाली आली की तिला द्यायचं. तिच्याखेरीज परक्याच्या हाती ते पडू द्यायचं नाही, कारण करणी करणारीला तेवढंच पुरतं. म्हणून गुंतवळ कुणाचं, हे बाई रंगावरून ओळखते. राखाडी केस गावात कुणाचे? माळ्यावर चढतं कोण? झालं! तुळजाचं गणित जमलं. चिंधू म्हणाला, "अगं, नीट बघ तरी." पण ऐकेल ती तुळजा कसली!

वैशाखात गावातल्या रामनाथच्या मुलीची हळद होती. गुणाबाईनं पहिला धवला उचलला, हळदीचं बोट नवरीच्या गालाकडं नेलं आणि तुळजा भर मांडवात ओरडली, "नको लावू देऊ तिचा हात पोरीला! माझी म्हस खाल्ली तिनं!" पदरात बांधून आणलेले गोळे तिनं पाटासमोर फेकले. "बघा गुंतवळं! तिच्याच डोक्याची हायेत! आत हाडं बांधलीत रांडंनं!"

गुणाबाईचं बोट हवेतच राहिलं. "तुळजा, मी न्हाय गं," एवढंच ती म्हणाली. ते कुणी ऐकलं नाही, कारण आवाज तुळजाचा मोठा होता. नवरीच्या आईनं नवरीला मागं ओढलं. त्यानंतर गुणाबाईला कुणी हळदीला बोलावलं नाही, भातलावणीच्या रांगेत कुणी शेजारी उभं केलं नाही. श्रावणात ती शेळी विकून गणेशपुरीला भावाकडं निघून गेली. जाताना मंजुळाच्या केसांवरून हात फिरवायला आली होती. तुळजानं दार लावून घेतलं.

भात झोडून झालं तेव्हाची गोष्ट. शाळेत नव्या आलेल्या सुचेताबाई भिवंडीहून एसटीनं यायच्या. एका सकाळी त्या नवे तांदूळ बघायला आल्या. बघतात तर तुळजा चिमट्यात काहीतरी धरून, तोंड फिरवून गोठ्याबाहेर येतेय.

"काय हो ते?"

"घाण हाय बाई. तुम्ही लांब व्हा."

पण बाईंनी तो गोळा सरळ हातात घेतला! नाकाशी नेला, उन्हात फिरवला आणि लहान पोरीसारख्या हरखल्या. "अगंबाई! करवंटीत पाणी द्या बरं थोडं."

उंबऱ्यावर बसून त्यांनी गोळा भिजवला आणि आपल्या अंबाड्यातला आकडा काढून त्यानं केस हळूहळू सोडवले. हाडं धुऊन एकेक उंबऱ्यावर मांडली. "ही कवटी बघा. पुढचे दात पिवळे, वाकडे. हा उंदीर. आणि हिचं नाकाड लांब, दात सगळे टोकदार. ही चिचुंद्री. तुमच्या माळ्यावर घुबड आहे, तुळजाबाई. ते उंदीर अख्खा गिळतं. मांस पचतं, केस न् हाडं पचत नाहीत. मग त्यांचा गोळा करून तोंडातून टाकतं. मांजराची घाण असती तर वास आला असता, हाडांचा चुरा झाला असता. हे बघा, कशी शाबूत आहेत." त्या आत गेल्या, वर बोट दाखवलं. भिंतीवर चुन्यासारखे पांढरे ओघळ होते. ते तुळजा रोज बघत होती. त्यांच्यावर, आढ्याच्या कोपऱ्यात, पांढऱ्या तोंडाचं घुबड डोळे मिटून बसलं होतं.

गुणाबाई गावातून जाऊन महिने लोटले होते आणि गोळे पडतच होते. म्हणजे तुळजाला आतून केव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. चोराच्या मनात चांदणं!

"खेड्यात याला करणीबिरणी म्हणतात," सुचेताबाई हसत म्हणाल्या. त्यांना मागचं काहीच माहीत नव्हतं. "तुमच्याकडं कुणी म्हणालं नाही ना?"

"छे! कोन म्हनंल?" तुळजा म्हणाली आणि तिचे कान तापले. शरमेनं तिला त्या उंबऱ्यावर उभं राहवेना. दाराआड मंजुळा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

बाई गेल्यावर पोरगी म्हणाली, "आई, आता सांग गावाला. गुणाकाकीला परत बोलाव."

"गप बस! घुबडाच्या घरातली पोरगी करील कोन? आधी तुझं जमू दे."

बघा माणसाचं! घुबड अशुभ, म्हणून ते घरात आहे हे सांगायचं नाही. पण गुणाबाईवरचं चेटकिणीचं नाव तसंच राहू द्यायचं. आपलं ठेवायचं झाकून! तुळजा रोज गोळे गोळा करी आणि उकिरड्यात खोल पुरी. पाणवठ्यावर कुणी गुणाबाईचं नाव काढलं की घागर अर्धी भरूनच ती निघे. बायका म्हणायला लागल्या, तुळजा निवळली हो! निवळली कसली, स्वतःचा आवाज तिला सोसवेना.

माघात मंजुळाचं जमलं. मुलगा चांगला, घर खाऊनपिऊन सुखी. सुपारी फुटली त्या संध्याकाळी पोरगी आईपुढं बसली. "आता तर जमलं ना? गुणाकाकी धवले म्हनंल तर मी पाटावर बसंन. न्हायतर न्हाय." तुळजानं चिंधूकडं पाहिलं. तो तंबाखू मळत म्हणाला, "मी काय सांगू? बोललीस तू, निस्तर तूच."

ताजे गोळे रुमालात बांधून तुळजा एसटीनं गणेशपुरीला गेली. गुणाबाई एका खानावळीच्या मागं भांडी घासत बसली होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला. तिनं वर पाहिलं आणि भांडं ठेवून दिलं.

"मंजुळा बरी हाय ना?" हाच तिचा पहिला प्रश्न!

तुळजाला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं रुमाल सोडला. घासायच्या पाण्यात गोळा भिजवला, हातानंच उकलला, कवटी तिच्यापुढं धरली. सुचेताबाईंनी सांगितलं होतं ते अडखळत सगळं सांगितलं. पिवळे दात, चिचुंद्रीचं नाकाड, घुबड.

गुणाबाईनं दुसरा गोळा उचलला आणि स्वतः उकलला. मग तिसरा. प्रत्येकातली हाडं ती तळहातावर घेऊन डोळ्यांजवळ नेत होती. "उंदराचीच हायेत," ती म्हणाली. "उंदराचीच हायेत गं, तुळजा." तिनं हाडं एकेक करून खाली ठेवली. "मला वाटाया लागलं होतं, माझ्याच हातनं झालं का काय. झोपंत उठून करत आसंन, मला ठावं नसंल. भावाच्या पोरांनाबी जवळ घेत नव्हते मी."

तुळजानं तिचे पाय धरले. रडली, अगदी हुंदके देऊन रडली. गुणाबाईनं तिला रडू दिलं. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

कालच, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. तुळजानं ते गिळलं. "भात झोडलं तवा."

 गुणाबाईनं ओल्या हातानं पदर मागं सारला. डोक्यावर केस नव्हतेच. कातरीनं कसेबसे कापलेले, बोटभर खुंट उरले होते. "हे संक्रांतीला कापलं," ती म्हणाली. "म्हनलं, केसच नकोत. केस न्हाय तर गुंतवळ न्हाय."

भात झोडणी आधी, संक्रांत नंतर. तुळजानं वेळीच तोंड उघडलं असतं तर ते केस गुणाबाईच्या डोक्यावर असते.  धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं.

"येईन मी," गुणाबाई शेवटी म्हणाली. "पोरीसाठी येईन. पन ज्या तोंडानं, जितक्या मोठ्यानं बोललीस, तितक्याच मोठ्यानं सांगायचं."

मंजुळाच्या हळदीला मांडव भरला होता. नवरदेवाकडची माणसंही हळद घेऊन आली होती. गुणाबाई आत आली तशी कुजबुज उठली. ती पाटाजवळ उभी राहिली आणि तिनं पदर डोक्यावरून काढला. 

तुळजा उठली.  ही तीच बरं का, पाणवठा गाजवणारी! बोलली ते पुढच्या रांगेलाही ऐकू गेलं नाही. मागून पाणवठ्यावरची ठकुबाई म्हणाली, "काय ते मोठ्यानं बोल की!"

"घुबड हाय माझ्या माळ्यावर!" तुळजा ओरडली. "ते गोळे घुबडाचं होतं. माझी म्हस तिनं न्हाय खाल्ली. मला भात झोडलं तवाच कळलं होतं, पन मी गप बसले. पोरीचं जमायचं न्हाय म्हनून गप बसले!"

तिनं नवरदेवाच्या आईकडं पाहिलं. आता उठतील, हळदीचं ताट उचलतील, असंच तिला वाटलं. विहीणबाईंनी पान तोंडात घातलं. "घुबड ना? आमच्याबी खळ्यात असतं. उंदीर कमी होत्यात," त्या म्हणाल्या आणि पोरीला हळद लवकर लावा म्हणाल्या. बस्स! ज्या भीतीपायी तुळजानं त्या बाईचे केस जाऊ दिले, ती भीती एवढ्याशा बोलण्यात संपली.

गुणाबाई मंजुळाच्या मागं बसली. पूर्वीसारखीच तिनं पोरीची वेणी सोडली, तेल लावलं, फणी फिरवली आणि धवला सुरू केला. आवाज थोडा बसला होता, पण होता. गाता गाता फणीतले केस तिनं काढले आणि सवयीनं बोटाभोवती गुंडाळले. छोटंसं काळं गुंतवळ झालं. मग ती थांबली. तुळजाला तिनं हाक मारली आणि ते तिच्या तळहातावर ठेवलं.

"तूच ठेव बाय," ती म्हणाली. "माझ्यापाशी नको. पुन्ना कुनी म्हनंल."

आणि ती पुढचा धवला म्हणू लागली. बायकांनी तो उचलला. तुळजा मूठ मिटून तिथंच उभी राहिली. हळदीला चल म्हणून तिला तीनतीनदा हाका मारल्या, तरी ते गुंतवळ कुठं ठेवावं हे तिला कळेना.